वास्तूला इंग्रजी येत नाही

मॅट्रिकला मी इंग्रजीत साफ आपटले आणि वडिलांनी माझी रवानगी काकांकडे केली. काकांनी मुंबईच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन ते काशीदच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या आपल्या वाडीत परतले होते, पण हृदयाचं दुखणं सोबत घेऊनच. डॉक्टरांनी हात टेकले होते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणी नव्हतं.

ते दिवस आठवले की मला आधी पोफळींखालचा हिरवा उजेड दिसतो. दुपारी सगळी वाडी पेंगायची. रहाटाची करकर लांबून यायची आणि तिच्या पलीकडून समुद्राची गाज. काका आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले, मी पायरीवर वही घेऊन, आणि काकू सूप पुढ्यात घेऊन सुपाऱ्या निवडत बसलेली. धडा चालू आहे की आम्ही तिघंही झोपेत आहोत, ते पुष्कळदा मलाच कळत नसे.

लग्न झाल्यापासून काकू इथे आणि काका तिकडे. मे महिना आणि दिवाळी, एवढाच त्यांचा संसार. मूलबाळ नव्हतं. सासूसासऱ्यांचं तिनेच केलं, झाडं तिनेच लावली, पाणी तिनेच फिरवलं. आणि आता तिचा पुण्याचा भाऊ वरचेवर येऊन सांगायला लागला होता, "ताईची काळजी नको, आम्ही नेऊ तिला." काका अजून खुर्चीत बसलेले असताना! माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जायची.

काकांना एकच गोष्ट तिच्याशी बोलायची होती. आपल्यामागे तिने भावाकडे जाऊ नये, तिथे ती फुकटची स्वयंपाकीण होऊन राहील. पण "माझ्यामागे" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की काकू सूप आपटायची. "वास्तू तथास्तु म्हणत असते. शुभ बोलावं घरात." दिवेलागणीला तर तिचा पहाराच असे. तिच्या राज्यात बांगडी फुटत नसे, वाढत असे. दिवा विझत नसे, शांत होत असे. कुणी घराबाहेर पडताना "जातो" म्हणालं तर त्याला उंबऱ्यावरून परत बोलावून "येतो" म्हणायला लावायची.

"मग इंग्रजीत बोलू," काका एक दिवस मला म्हणाले. "वास्तूला इंग्रजी येत नाही."

तेव्हापासून रोज आमचा तोच धडा. डाय हा उघडावाघडा शब्द. पास अवे म्हणायचं ते घरच्या माणसांसमोर, हळू आवाजात. एक्स्पायर तारेत. डिसीज्ड कोर्टात. डिमाइज फक्त बड्या लोकांचं होतं, तुझ्यामाझ्यासारख्यांचं नाही. पेरिश म्हणजे थंडीने, भुकेने किंवा तुफानात. किक द बकेट म्हणजे बादलीला लाथ, हे ऐकून मी इतकी हसले की काकूने विचारलं, "कसली गं बादली?" मी म्हटलं, "विहिरीवरची." खोटारडी मी. काकांचा आवडता शब्द होता गो वेस्ट. पश्चिमेला जाणं. तो सांगताना ते माडांच्या फटीतून समुद्राकडे बघत राहत, आणि मीही बघत राही. मरण म्हणजे संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला जाण्यासारखं काहीतरी असावं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

पण शब्द साठत गेले आणि बोलायचं ते राहूनच गेलं. काकांचे पाय सुजले, खुर्चीतून उठणं बंद झालं. एकदा शब्द सांगता सांगता ते थांबले आणि मराठीत म्हणाले, "हे सगळं तुला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं ती ऐकत नाही." मला रडू आलं. काकूने सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि आत निघून गेली. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तिने वाडीतल्या दोन गड्यांना हाक मारली. "यांना खुर्चीसकट पुळणीवर न्यायचंय."

"पार पान्यापत्तुर, काकू?"

"हो, जिथून घर दिसणार नाही तिथपर्यंत."

गड्यांनी खुर्ची उचलली. काका घाबरून दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसले होते. मागून काकू, तिच्यामागे मी. माडांची रांग संपली, केवड्याचं बन संपलं आणि ओल्या वाळूवर खुर्ची ठेवली. ओहोटी होती. सगळीकडे सोनेरी पाणी पातळ पसरलं होतं आणि त्यात खुर्ची उलटी दिसत होती. गडी लांब जाऊन बसले. काकूने वळून बघितलं. घराचं कौलसुद्धा दिसत नव्हतं.

"इथे वास्तू नाही," ती म्हणाली. "आता बोला. मराठीत बोला."

काकांनी दांड्यांवरचे हात सोडले. इतक्या शब्दांचा धनी माणूस, आणि त्यांना सुरुवात सापडेना. मग म्हणाले, "मी मेल्यावर भावाकडे जाऊ नकोस."

मला वाटलं, ती कानावर हात ठेवणार. ती त्यांच्या पायाशी वाळूत बसली.

"नाही जाणार," ती म्हणाली. "तुम्ही मेल्यावर मी इथेच राहीन. माझी काळजी करू नका. तुमच्यावाचून राहायची सवय आहे मला. तुमच्याबरोबर राहायची सवय आत्ता कुठे लागत होती."