रंध्याखाली गेलेलं माप

जुन्या शिलाई मशिनी जमा करणाऱ्या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे. मी स्वतः जमा करतो, तरी आहे. जवळून पाहिल्यामुळेच आहे म्हणा ना.

मागे यवतमाळहून एक हॉटेलवाला आर्णीला माझ्या घरी आला. पांढरा कडक शर्ट, गळ्यात जाड साखळी, हातात दोन मोबाईल. त्याला पायमशिनींचे सहा बिडाचे स्टँड हवे होते. वर काच टाकून जेवणाची टेबलं करणार म्हणे. मी विचारलं, वरच्या मशिनींचं काय करशील? "काका, मुंडके तुमी ठेवा नं, आपल्याले खालचंच पाह्यजे." मुंडके म्हणाला लेकाचा! मी म्हटलं, "अबे, ज्या पायडलवर कोणाच्या मायनं लेकरं पोसली, तिथं पाय ठेवून लोक तुहं पनीर खातीन काय?" तर दात काढून म्हणतो, "काका, लुक येते." लुक येते! आत चहा उकळत होता, तो न पाजताच त्याला वाटेला लावला.

नेरला एक रिटायर साहेब आहेत. ते स्वतःला संग्राहक म्हणवून घेतात. दिवाणखान्यात त्यांनी मशिनी ओळीनं मांडल्या आहेत आणि सगळ्यांना सोनेरी रंग फासला आहे. चाकाला सोनेरी, सुईला सोनेरी, बॉबिनच्या झाकणालाही सोनेरी. एकाही मशिनीचं चाक फिरत नाही, कारण रंगानं सगळे सांधे धरले आहेत. मी एक चाक फिरवायला हात पुढं केला तर साहेब ओरडले, "हात नका लावू, रंग निघते!" हात लावायचा नाही तर काय आरती करायची त्या मशिनींची? परतीच्या बसमध्ये मी आर्णीपर्यंत एकटाच बडबडत आलो.

आणि वापरणारे तरी काय दिवे लावतात? घरात मशीनचं तेल संपलं की बाया सरळ फोडणीचं सोयाबीन तेल ओततात. ते आत सुकून असं चिकट होतं की मशीन खोलताना हाताला भजी तळल्याचा वास येतो. पट्टा तुटला की बैलाच्या दोराचा तुकडा बांधतात. स्टँड डगमगला की खाली वीट. हे सगळं पाहून माझं डोकं सणकायचं.

मी बसच्या वर्कशॉपात आयुष्य काढलं. रिटायर झालो आणि पडवीत मशिनी आणायला लागलो. अकरा झाल्या. एकेक भंगाराच्या ढिगातून उचललेली. डिझेलनं धुवायची, ब्रशनं एकेक दात साफ करायचा, अंगावरची नक्षी न उडवता मळ काढायचा, फळीला रंधा मारायचा, पॉलिश पेपरनं घासायची आणि मग फ्रेंच पॉलिशचे हात द्यायचे. तीन हात नाही, आठ. आठव्या हातानंतर फळीत तोंड दिसतं. बायको म्हणायची, "तुमाले तुमचंच तोंड पाहाचं असते त्याच्यात." मी तिच्याकडे लक्ष द्यायचो नाही. तिला त्यातलं काय कळतं, असं मी म्हणायचो, आणि खरंच तसं मानायचो.

गेल्या वर्षी तान्हा पोळा झाल्यावर दोन-चार दिवसांनी फुलसावंगीहून एक बाई मालाच्या ऑटोत पायमशीन घालून घेऊन आली. साठीची असेल. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. भाच्यानं ऑटो चालवत आणलं होतं, तो मशीन उतरवून निघून गेला. मशीन तिच्या सासूची. तिनं आणि सासूनं मिळून त्या मशीनवर अख्ख्या आळीची पोलकी शिवलेली. आता चाक जाम झालं होतं.

मी झाकण उघडलं आणि सुरूच झालो. सोयाबीनचं तेल! दोराचा पट्टा! खण सुजलेले, फळीवर चहाच्या कपाचे गोल डाग. "बाई, ही मशीन हाय का चुलीपुढचा पाट हाय?" तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, फक्त चालू करून द्या. बाकी काही करा नोको. नवमीच्या आत पाह्यजे मले."

कोणती नवमी, ते तिनं बायकोला सांगितलं. पितृपक्षातली, अविधवा नवमी. तिला एक पोरगा आणि एक पोरगी. पोरगी लग्नानंतर चौथ्या वर्षी तापानं गेली. नवरा मागं होता, म्हणजे सवाष्ण गेली. त्या नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. पण जावयानं दुसरी केली, तिथं कोण करतं? म्हणून मायच करते. दरसाल पोरीच्या मापाचं पोलकं शिवते आणि आळीतली जिला ते बसेल अशी एखादी सून जेवायला बोलावून तिला घालते. "दुसऱ्या कोणाच्या अंगावर का होईना, तिचं पोलकं दिसते मले एक दिवस," ती म्हणाली. माझी बायको पदरानं डोळे पुसत होती. मी बॉबिनच्या जागी टॉर्च मारून पाहत होतो.

बाकी काही करा नोको! हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते अपमानासारखं. म्हणजे काय, मी काय पंक्चरवाला आहे? इतकी जुनी सागवानी फळी, तिची ही दशा, आणि म्हणते बाकी काही करू नका. खेड्यातल्या बाईला काय कळतं चांगलं लाकूड म्हणजे काय, असा विचार मी केला. तो इथं लिहितो आहे, कारण लपवून काही फायदा नाही.

मशीन चार दिवसांत चालू झाली. मग मी फळी उचलली. तिच्या पुढच्या कडेला खाचा होत्या. नऊ. वाकड्यातिकड्या, सुरीनं मारलेल्या, काही उथळ, तीन जरा खोल. मला वाटलं, पोरासोरांचा उद्योग असेल नाहीतर भाजी चिरली असेल त्यावर. पुट्टी भरून पाहिली, पण खोल तीन काही लपेनात. मग मी सरळ रंधा घेतला आणि पूर्ण कड दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली आणली. सुरेख सरळ. त्यावर आठ हात पॉलिश. काम सुरू करायच्या आधी मी नेहमी फोटो काढतो, मशीन आधी कशी होती आणि नंतर कशी झाली हे लोकांना दाखवायला. या मशीनचे तीसेक फोटो काढले होते. त्या कडेचा एकही नव्हता. इतकी घाण बाजू कशाला काढायची म्हणून मुद्दाम टाळली होती.

नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी ती भाच्याच्या ऑटोतून आली. मी मशीनवर चादर टाकून ठेवली होती. चादर अशी ओढली की हॉटेलवाल्यानंही ओढली नसती. बाईनं मशीनकडे पाहिलंच नाही. ती सरळ फळीच्या कडेशी गेली आणि अंगठा फिरवला. डावीकडून उजवीकडे. मग उजवीकडून डावीकडे. मग खाली वाकून पाहिलं.

"खाचा कुठी गेल्या, भाऊ?"

"काढून टाकल्या," मी म्हणालो, आणि हसलो पण. "रंधा मारला. पाहा आता, कशी आरशासारखी झाली."

ती तिथंच खाली बसली. बायको पाणी घेऊन आली, तर ते हातात धरूनच बसली. मग तिनं सांगितलं. तिला टेप वाचता येत नाही. गिऱ्हाईक मापाचं पोलकं घेऊन येतं, त्यावरून ती कापते. पण घरच्यांची मापं सासूनं फळीवरच ठेवायला शिकवलं होतं. डाव्या कोपऱ्यापासून कापड लावायचं. पहिल्या खाचेपर्यंत बाही, दुसरीपर्यंत उंची, तिसरीपर्यंत अर्धी छाती. तीन खाचा तिच्या, तीन सुनेच्या, आणि खोल तीन पोरीच्या. पोरीचे कपडे सासरच्यांनी केव्हाच वाटून टाकले होते. तिचं दुसरं माप जगात कुठंच नव्हतं.

"माहं माप घेता येते," ती म्हणाली. "सुनेचं घेता येते. तिचं आता कोणाच्या आंगावरून घेऊ मी?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "आधी सांगाचं नं बाई!" साठी उलटलेला माणूस, आणि तोंडातून हे निघालं. ती सांगून गेली होती. बाकी काही करा नोको, इतकं स्वच्छ सांगून गेली होती. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. आजपर्यंत मी हॉटेलवाल्याला नावं ठेवली, सोनेरी साहेबांना नावं ठेवली. साहेबांनी निदान कोणाचं काही पुसलं नव्हतं.

बायकोनंच विचारलं, "मागच्या साली पोलकं कोणाले देल्लं होतं, माय?"

शेजारच्या एका घरातल्या सुनेला दिलं होतं. बायको मला म्हणाली, "उठा. जा तिच्यासंग." भाच्याच्या ऑटोत मागं मशीन धरून मी फुलसावंगीपर्यंत बसून गेलो. रस्ता खराब होता आणि मी फळीवर गोधडी दाबून धरली होती, पॉलिशला ओरखडा जाऊ नये म्हणून. अजूनही मला पॉलिशचीच पडली होती! माझी मलाच शिसारी आली आणि मी गोधडी सोडून दिली.

शेजारची सून शेतात सोयाबीन सोंगायला, कापायला, गेली होती. मशीन बाईच्या ओट्यावर उतरवून आम्ही तिथंच वाट पाहत बसलो. दुपार कलल्यावर ती आली. काय हवं आहे हे ऐकून धावतच आपल्या घरात गेली आणि पोलकं घेऊन आली. जांभळं, सुती, विटलेलं. "मावशी, पण मी सैल केलं याले," ती ओशाळून म्हणाली. "लेकरू झाल्यावर बसेच ना. मंग टिपा उसवल्या."

बाईचा चेहरा पुन्हा उतरला. पण माझ्या अंगात एकदम वीज आली. शिवण उसवली तरी पहिल्या टिपेची भोकं कापडात राहतात. मी खिशातून घड्याळवाल्याचं भिंग काढलं, पोलकं उलटं केलं आणि बगलेपासून कमरेपर्यंत भोकांची ओळ शोधून काढली. बारीक, एकसारखी ओळ. त्या बाईचा हात किती सरळ होता, ते मला तेव्हा दिसलं. मी खडूनं ओळीवर रेघ मारली. दुसऱ्या बाजूलाही मारली. बाही आणि उंची तर जशीच्या तशी होती.

"घ्या!" मी मोठ्यानं म्हणालो. "मिळालं माप. पोरीचं माप, सुताचाही फरक नाही!"

बाईनं पोलकं हातात घेतलं, दोन बोटांत कापड चोळलं आणि म्हणाली, "धुतलेलं हाय नं, भाऊ, हे. वर्षभर धुतलं. सुती आटते."

मी भिंग खिशात टाकलं. शिवण शिकणाऱ्या कोणत्याही पोरीला पहिल्या आठवड्यात कळतं ते मला ठाऊक नव्हतं. घरात अकरा मशिनी, आणि या हातांनी जन्मात एक पोलकं शिवलेलं नाही. मशिनीतलं सगळं कळतं म्हणून मिरवणारा मी, मला कापडातलं काही कळत नव्हतं. इतका मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"किती आटलं असीन?" मी विचारलं.

"त्याले का माप असते?"

"मंग थोडं वाढवून कापा. बोटभर."

"आन् बोटभर नसीन आटलं तं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता. "अंदाजानं वाढवलं तं ते कोणाचंबी होईन. हे कमी असीन, पण तिच्याच पोलक्याचं हाय."

तिनं या नवमीसाठी आणून ठेवलेलं नवं हिरवं कापड जमिनीवर पसरलं, त्यावर जांभळं पोलकं ठेवलं, माझ्या खडूच्या रेघांवरून हात फिरवून ते सारखं केलं. शेजारची सून बाजूला उभी राहून पाहत होती. मी मशीनजवळ उभा होतो, आणि मला कोणी काही करायला सांगत नव्हतं.

"वर्षभरात बारीक झाली म्हणाव माही पोरगी," ती म्हणाली, आणि तिनं कात्री लावली.