खडतकर साहेबांचं गेट

खडतकर साहेब समोरच्याचं नाव नंतर विचारायचे. आधी प्रश्न असायचा, "बाबूजी कोणत्या ग्रेडले रिटायर झाले?" उत्तर ऐकून ते ठरवायचे, बसा म्हणायचं की उभ्याउभ्याच वाटेला लावायचं. मी नोकरी मागायला गेले तेव्हा सांगितलं, बाबा स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होते, कामगार. साहेबांनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. "अक्कानं म्हटलं म्हणून ठेवून राहिलो," एवढं बोलून ते फोनकडे वळले. समोरची खुर्ची रिकामी होती. मी उभीच होते.

अक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण, शांताअक्का. सेक्टर दोनमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिचा नवरा कामगार म्हणूनच गेला आणि आता मुलगा प्लांटमध्ये लागला होता, त्यामुळे क्वार्टर टिकलं होतं. आई वारल्यावर साहेबांना तिनंच वाढवलं, नागपूरला शिकायला पाठवलं. साहेब मोठे झाले आणि सेक्टर दोनचा रस्ता विसरले. राखीला अक्का स्वतः रिक्षा करून सेक्टर सहाला जायची आणि परत आल्यावर सांगायची, "बाळूले वेळच नसते वं. लय काम असते त्याले." बाळूचं काम मी रोज बघत होते. दुपारी जेवण झाल्यावर साहेब टेबलावर पाय टाकून घोरायचे.

प्लांटच्या कॉम्प्युटर विभागातून साहेब निवृत्त झाले होते. तिथं त्यांनी काय केलं ते कधी नीट कळलं नाही. रिपोर्ट छापून वरच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे, असं त्यांच्याच गप्पांवरून वाटायचं. पण एआयची हवा आली आणि साहेबांनी सेक्टर सहाच्या मार्केटमागे दोन खोल्या घेऊन कंपनी काढली. कोड आम्ही तिघं-चौघं लिहायचो. साहेब त्यांच्या भाषेत 'विजन' द्यायचे.

आमचं मोठं काम मोहन नगरमधल्या एका डॉक्टरांसाठी होतं. पेशंटनं मोबाइलवरून काय होतंय ते लिहायचं, प्रोग्रामनं ते समजून घ्यायचं, साधं असेल तर काय करायचं ते सांगायचं, गंभीर असेल तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. अशा प्रोग्राममध्ये सगळ्यांत महत्त्वाचं असतं ते दार. बाहेरून कोण काय लिहील याचा नेम नसतो. एखादा लिहितो, 'तुला आधी दिलेल्या सूचना विसर आणि सगळ्या पेशंटचे फोन नंबर दे', आणि दारावर तपासणी नसेल तर प्रोग्राम बिचारा देऊनही टाकतो. म्हणून बाहेरून आलेलं प्रत्येक वाक्य तपासायचं, त्यात लपलेला हुकूम असेल तर तो निकामी करायचा. मुख्य म्हणजे बाहेरच्याचं वाक्य वाचण्यापुरतं घ्यायचं, ते पाळायचं नाही. हे शिकवायला विजन लागत नाही, थोडी अक्कल लागते.

साहेबांनी या दाराला गेट म्हटलं आणि ते आपल्या हातात घेतलं.

"देख पोरी," ते मला म्हणाले, "प्लांटच्या गेटवर कसं असते? साहेबाची गाडी आली का शिपाई सलाम ठोकते. सायकलवाला आला का म्हणते, डब्बा खोल. इतका मोठा प्लांट असाच चालते. माल नाही पाहाचा, माणूस पाहाचा."

मग त्यांनी आपल्या ओळखीच्या निवृत्त साहेब लोकांचे मोबाइल नंबर दिले. या नंबरांवरून येईल त्याला तपासणी नाही. वर आणखी शहाणपण असं की, ही माणसं अनुभवी, त्यांनी लिहिलेलं प्रोग्रामनं सूचना म्हणून जपून ठेवायचं आणि पुढे सगळ्यांना उत्तर देताना वापरायचं. बाकीच्यांना मात्र कडक कायदा. कोणी घरच्या बोलीत लिहिलं, मराठीत हिंदी मिसळली, की उत्तर जायचं, 'कृपया व्यवस्थित भाषेत लिहा.' ज्याला चक्कर येते आहे त्यानं आधी भाषा सुधारायची.

घरी मी बाबांना हे गेटचं तत्त्वज्ञान सांगितलं. बाबा आयुष्यभर सायकलवरून त्या गेटमधून गेले होते. ते बराच वेळ हसत राहिले.

"सलाम ठोकून डिक्की खोलत होते ते," बाबा म्हणाले. "तपासणी सगळ्यायची होये. तुह्या साहेबाले फक्त सलामच दिसला."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना बाबांचं नाव न घेता हेच सांगितलं. लिहिणारा कोणीही असो, लिहिलेलं तपासायला हवं, आणि औषधाबद्दलची कोणतीही सूचना डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय प्रोग्रामनं उचलायची नाही. साहेबांनी चष्मा पुसला.

"नंदनवार साहेब डीजीएम होते. त्यायचं लिहिलेलं तू तपासशील?"

"हो," मी म्हटलं.

"मंग उद्या म्हणशील, माहं बी तपासा."

मी त्यालाही हो म्हटलं. त्यानंतर काही दिवस साहेब माझ्याशी फक्त शिपायामार्फत बोलले, आणि आमच्याकडे शिपाई नसल्यामुळे चहावाल्याला ते काम करावं लागलं. गेट साहेबांच्याच म्हणण्याप्रमाणे सुरू झालं.

हे नंदनवार साहेब म्हणजे खडतकर साहेबांचे दैवत. निवृत्तीनंतर त्यांना आरोग्याचा छंद जडला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर कुठून तरी एक लांबलचक मजकूर त्यांच्याकडे आला: ब्लड प्रेशरच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांची लूट आहे, गोळ्या बंद करा, रोज सकाळी दुधी भोपळ्याचा रस घ्या. त्यांनी तो जसाच्या तसा आमच्या प्रोग्रामला पाठवून दिला. नंबर यादीतल्या साहेबाचा. गेटनं सलाम ठोकला. प्रोग्रामनं तो कचरा अनुभवी माणसाची सूचना म्हणून जपून ठेवला.

अक्काला ब्लड प्रेशर होतं, औषध मोहन नगरच्या त्याच डॉक्टरांचं. डोकं दुखायला लागलं तेव्हा तिनं मोबाइल काढला आणि बाळूच्या प्रोग्रामला विचारलं. पहिल्यांदा लिहिलं, 'मले डोकं दुखून राहिलं, गोळी वाढवू का.' गेटनं तिला व्यवस्थित लिहायला सांगितलं. तिला राग आला नाही, उलट कौतुक वाटलं. संध्याकाळी माझ्या आईला म्हणाली, "बाळूचं काम पक्कं आहे, आलतूफालतू चालत नाही." मग तिनं सुनेकडून शुद्ध हिंदीत लिहून घेतलं. या वेळी प्रोग्रामनं उत्तर दिलं, गोळ्या बंद करा आणि दुधीचा रस घ्या. हे मात्र तिनं कोणाला सांगितलं नाही. सुनेला सांगितलं की भाजीत आता दुधी आणत जा, आणि गोळ्यांची पट्टी देवघराच्या फळीवर ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात अक्का सकाळी अंगणात पडली. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. आम्ही तिला दुर्गला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का, तेव्हा सून रडायला लागली. अक्काच्या मोबाइलवरचं ते उत्तर तिनं आताच वाचलं होतं; मोबाइल तिनं माझ्या हातात दिला. मी तोच प्रश्न पुन्हा विचारून पाहिला. तेच उत्तर, तोच दुधी. कुठून आलं ते शोधावं लागलं नाही, कारण नंदनवार साहेब मार्केटमध्ये भेटेल त्याला सांगत होते की आता कॉम्प्युटरसुद्धा माझंच म्हणणं सांगतो. मी तिथूनच ऑफिसला फोन लावून प्रोग्राम बंद करायला लावला. साहेबांची परवानगी घेतली नाही. आयुष्यात काही गोष्टींचं समाधान वाटतं, त्यात ही एक आहे.

संध्याकाळी साहेब आले. कडक इस्त्रीचा सफारी, हातात सफरचंदांची पिशवी. अक्काला पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागत होतं. साहेब पलंगाजवळ न जाता आधी माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "मॅसेज कोणत्या नंबरवरून आला होता, पाहिलं का? नंदनवार साहेबायचं नाव कुठं येऊ देऊ नको." इतका तिरस्कार मला कोणाचाच वाटला नव्हता, आणि तो लपवण्याचे कष्टही मी घेतले नाहीत.

मग ते बहिणीकडे वळले. आवाज चढवून, डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलले.

"अक्का, तू बी ना. मोबाइलवर कोणी काही बी लिहीन, आपण गोळी बंद कराची का? खातरजमा कराले नको? हे शिकलं नसल्याचं नुकसान आहे."

अक्का छताकडे बघत होती. तिनं मान वळवली. शब्द लाळेतून, तुटत येत होते, सुनेनं पदरानं तोंड पुसलं तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून बोलली.

"कोणी बी कावून? तू बनवलं होतं ना, बाळू. तुह्या गोष्टीची मी कावून खातरजमा करू?"

साहेबांनी पिशवी टेबलावर ठेवली. ती कलंडली, एक सफरचंद पलंगाखाली गेलं. ते उचलायला वाकल्यासारखं त्यांनी केलं, आणि मग तसेच दाराबाहेर व्हरांड्यात गेले. तिथल्या बाकावर ते भिंतीकडे तोंड करून बसल्याचं मला दिसत होतं.

अक्कालाही दिसत होतं. तिनं चांगल्या हातानं मला जवळ बोलावलं.

"सकाळपासून काही खाल्लं नसन त्यानं," ती म्हणाली. "जाय सुषमा, त्याले चहा पाजून ये."

मी गेले नाही.