पेटीत राहिलेला रिपोर्ट

सुमनसिस्टर गेल्याची वार्ता कचेरीबाहेरच्या माझ्या अर्जलेखनाच्या टेबलाशी आली, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या वारसनोंदीच्या अर्जाचा मसुदा करीत होतो. कागलहून आलेला त्यांचा भाऊ उभ्याउभ्याच म्हणाला, "ताई गेली. तुमास्नी कळवा म्हणून सांगिटलं हुतं तिनं." मी अर्ज पुरा केला, हात सवयीने चालत राहिला... त्यास आता दीड महिना झाला.

माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. तथापि माझ्या हातचा अर्ज कचेरीतून सहसा परत येत नाही, हे कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. सुमनसिस्टर आमच्या गल्लीतल्या, एका खासगी प्रसूतिगृहात परिचारिका. दोन हजार सालानंतर लवकरच माझी कन्या सुरेखा राधानगरीहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. नवव्या महिन्यात सिस्टरांच्याच आग्रहाने तिच्या जन्ममार्गातील स्रावाची तपासणी झाली. त्या काळी आमच्याकडे ती सरसकट होत नसे. रिपोर्टात जंतू निघाले.

"भाऊ, त्यानं पोरीला कायबी हुत न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "पण बाळ भाईर येताना त्याला लागतंय. कळा सुरू झाल्या की सलाईनमधनं इंजेक्शन द्यायचं, निदान चार तास आधी. आत्ताच गोळ्या खाऊन उपेग न्हाय. दारात पाय ठेवला की पहिला ह्यो कागद दावायचा."

"कागदाचं मला शिकवताय व्हय?" मी हसून म्हणालो.

मूळ कागद हातातून सोडायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी रिपोर्ट लोखंडी पेटीत कुलूपबंद केला व प्रत साक्षांकित करून घेण्याचे ठरविले. सही करणारे साहेब रजेवर होते. तशात कळा दहा दिवस आधीच सुरू झाल्या, आणि सिस्टर त्या दिवशी कागलला लग्नात. प्रसूतिगृहातील दुसऱ्या परिचारिकेने विचारले, "काही रिपोर्ट आहेत का?" 'जंतू निघाले आहेत', एवढे तीन शब्द पुरेसे होते. परंतु तोंडी सांगण्यास किंमत नसते, ही माझी आयुष्यभराची समजूत. "आहेत, लेखी सादर करतो," असे म्हणून मी घर गाठले. किल्ली पत्नीच्या कमरेला, आणि पत्नी अंबाबाईची ओटी भरायला गेलेली. कुलूप तोडावे, हे मनातसुद्धा आले नाही... ती परतेपर्यंत दुपार झाली. कागद घेऊन पोहोचलो, तेव्हा नात जन्मली होती. दुसऱ्या दिवशी ती कण्हू लागली, अंगावर पिईना. औषधे दिली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

परतल्यावर सिस्टरांनी माझ्या हातातला रिपोर्ट पाहिला. "तोंडानं सांगिटलं असतं तरी चाललं असतं की, भाऊ..."

सुरेखाला मी सांगितले, की तिथे कुणी काही विचारलेच नाही. साहजिकच तिने सारा राग सिस्टरांवर धरला. आपल्याला सोडून त्या लग्नाला गेल्या, म्हणून. दुसऱ्या खेपेस सिस्टरांनीच सलाईन लावले व बाळ होईपर्यंत त्या खाटेपाशी बसून राहिल्या. नातू सुखरूप आला. सुरेखा त्यांच्याशी अवाक्षर बोलली नाही. बाहेर आल्यावर सिस्टर एवढेच म्हणाल्या, "तिला तुमीच सांगा. माझ्या तोंडानं कळलं तर पोर तुमास्नी तोडंल." मी 'सांगतो' म्हणालो. त्या हयात असेतो सांगितले नाही.

गेल्या आठवड्यात जन्मदाखल्याच्या कामानिमित्त त्या प्रसूतिगृहात जाणे झाले. कळा सोशीत एक मुलगी दारातूनच, साऱ्या बाप्यांदेखत, ओरडली, "मला जंतू निघाल्यात, आधी इंजेक्शन द्या!" बाकावरच्या म्हातारीने विचारले, "कुणी शिकवलं गं तुला?" तिच्या आईने सांगितले, "हितल्या नर्सबाई समद्यांकडनं पाठ करून घेत्यात. सुमनसिस्टरची पद्धत म्हणं ती."

तसाच राधानगरीच्या गाडीत बसलो. सोबत काहीही लिहून नेले नव्हते. सुरेखा भाकरी थापत होती. मी पेटी-किल्लीपासून सारे सांगितले.

"सिस्टरास्नी हे ठावं हुतं?"

"व्हय."

तिने तवा उतरवून खाली ठेवला. परातीत पीठ अजून बरेच होते.