सात माशांचा कंदील

लुकांग गावातल्या आमच्या गल्लीत बिहेमावशी चाळीस वर्षं कागदी कंदील रंगवतात. एकदा तैचुंग शहरातून युछिए नावाची चित्रकार मुलगी त्यांच्याकडे आली. समुद्रातल्या पवनचक्क्या किती वीज तयार करताहेत, तो आकडा इंटरनेटवरून घ्यायचा आणि त्याप्रमाणे कंदील कमीजास्त उजळवायचा, असा तिचा बेत होता.

"पण आकडा बघायला कोण येणार गं?" मावशी म्हणाल्या. "मासे दाखवू."

त्यांनी कागदाचे सात थर लावले आणि प्रत्येकावर एक मासा काढला. प्रकाश वाढेल तसे आतले मासे दिसू लागत.

देवळाच्या अंगणात कंदील टांगला, त्याच संध्याकाळी वारा साफ पडला. बाहेरचा एकच मासा दिसत होता.

"मावशी, बाकीचे तळून खाल्ले की काय?" आम्लेटवाला आकुन ओरडला. सगळे हसले.

युछिए रडकुंडीला आली. "मी कालचा मोठा आकडा लावते. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना!" मावशी म्हणाल्या. "वारा नाही, तर मासा एक. बस खाली, खाऊन घे."

आकुनने सगळ्यांना कालवांची गरम आम्लेटं वाढली. खाणं संपत आलं, तोच खाडीकडून झुळूक आली आणि वारा वाढत गेला. दुसरा मासा दिसला, मग तिसरा. लोक मोठ्याने मोजू लागले. सातव्याला सगळ्यांत मोठा आवाज बिहेमावशींचाच होता.

हल्ली गल्लीतल्या बायका चार मासे दिसल्याशिवाय कपड्यांचं मशीन लावत नाहीत.