मागे वळून बघणारी

लहानपणापासून उपासनेत मागे वळून बघण्यावरून मी आईचे चिमटे खाल्ले आहेत. पन्नाशी उलटली तरी ती खोड गेली नाही. घाटकोपरच्या आमच्या चर्चमध्ये मी तिसऱ्या बाकावर बसते आणि उपदेश चालू असताना चार वेळा तरी मान फिरवते. कोण आलं, कोण नाही, कोण नवी साडी नेसून आलीय, सगळं बघून घेते.

गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी कृपादानांवर उपदेश केला. देवाने प्रत्येकाला काही ना काही दिलंय, ते मंडळीच्या कामी लावा, सगळी सेवा एकट्या पाळकाच्या गळ्यात मारू नका, असं सांगून त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. आपापलं कृपादान लिहायचं. निम्म्याहून जास्त जणांनी लिहिलं, गायन. त्यांचं गायन मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, तेव्हा जास्त बोलत नाही.

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. "एवढे सगळे गायला उभे राहिले तर बाकांवर कोण बसणार? पुढच्या रविवारी स्वतःचं नको, शेजारच्याचं लिहा."

माझ्या शेजारणीने लिहिलं, 'ही सारखी मागे वळून बघते.' ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं आणि माझं डोकंच फिरलं.

"अगं, हे काय कृपादान आहे?"

"मग काय खोटं लिहू? तू तेवढंच करतेस ना!"

पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. "बरं, सांगा, हल्ली कोण दिसत नाही?"

"पेटीमास्तर," मी ताडकन म्हणाले. "सहा रविवार झाले."

"मग तुम्हीच जा. जे येत नाहीत त्यांना भेटायची सेवा आजपासून तुमची."

मास्तरांनी चाळीस वर्षं आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवली. हात थरथरायला लागले तेव्हा कॉलेजातली एक मुलगी कीबोर्डवर बसली. आम्ही मास्तरांना शाल दिली, टाळ्या वाजवल्या. आता ते बसणार कुठे, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

कुर्ल्याला त्यांचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वाटेत धीराची चार वाक्यं जुळवली होती, ती दम लागून जिन्यातच विसरले.

"हात गेले गं," मास्तर म्हणाले. "आता तिथे येऊन काय करू? नुसता बसून राहू?"

"मग आम्ही काय करतो? इतकी वर्षं नुसते बसूनच तर आहोत ना!"

बोलून गेले आणि जीभ चावली. मास्तर असे हसले की त्यांच्या बायको स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"पेटीवरून मला सगळ्यांची तोंडं दिसायची," ते म्हणाले. "तुझा तेवढा अंबाडा." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "बघतो."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी पहिलं गीत होईपर्यंत मी इतक्या वेळा वळले की मान आखडली. मग नादच सोडला. आपल्याच्याने एक माणूससुद्धा परत आणवत नाही, असं वाटून मन खट्टू झालं होतं.

दुसरं गीत जुनं होतं. त्या मुलीला चाल ठाऊक नव्हती, तिने भलतीच धरली. आमचे सगळे कृपादानवाले गायक तीन दिशांना पांगले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक जाडसर, जरा फाटलेला आवाज उठला आणि त्याने पहिली ओळ बरोबर चालीत धरली. मुलीने तो सूर पकडला. सगळी मंडळी एकदम मागे वळली, माझी शेजारीणसुद्धा. मी तेवढी समोर बघत राहिले. डोळे घळाघळा वाहत होते, आणि ते कोणाला दाखवायचे नव्हते.

उपासना सुटल्यावर दाराशी मास्तर भेटले. त्या मुलीला शनिवारी जुन्या चाली शिकायला घरी बोलावून झालं होतं.

"आज पण सगळ्यांची तोंडं दिसली," ते मला म्हणाले. "तुझा तेवढा अंबाडाच."