करवतीचा घास

“छत्तीस हजार,” वडील तिसऱ्यांदा म्हणाले. “एका खुर्चीचे. पाय चार, म्हणजे पायाला नऊ हजार पडले.”

“हात धरले नाहीत तुम्ही, बाबा,” मुलगी म्हणाली. “खुर्चीला दोन हात आहेत.”

“मग सहा. सहा हजारांना एक अवयव. दवाखान्यात स्वस्त बसेल.”

“अख्खं लाकूड आहे ते. सागवान.”

“दुकानात पाच हजारांत अख्खी खुर्ची मिळते. वर पोचवून देतात.”

“ती दाबलेल्या भुशाची असते.”

“बसल्यावर भुसा दिसत नाही,” वडील म्हणाले आणि हात धुवायला उठले.

हे भांडण आठवडाभर चालू होतं आणि रोज जेवण संपलं की याच जागेवर येऊन थांबत होतं. मुलगी फर्निचरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. शेवटचं काम म्हणून प्रत्येकानं एक खुर्ची स्वतःच्या हातानं करायची, तीही कुणातरी खऱ्या माणसाच्या मापाची. तिनं आजी निवडली होती. आजी कुठल्याही खुर्चीत बसायची, पण उठताना घरातलं कुणीतरी ओढायला लागायचं. आधी अंदाजपत्रक द्यायचं होतं. त्याला शंभरात वीस गुण होते, आणि नंतर खर्च अंदाजाबाहेर गेला तर ते गुण कापले जात.

“माझी मापं घ्यायला तीन वेळा टेप लावली,” आजी कोपऱ्यातून म्हणाली. “माझ्या लग्नात सुद्धा एवढं कुणी मोजलं नव्हतं मला.”

मुलीची आई ओट्यापाशी वाकून भांडी विसळत होती. तिची पाठ सगळ्यांकडे होती. ती आठवडाभर या भांडणात बोललेली नव्हती.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला इंचबाई म्हणत. एकोणिसाव्या वर्षी ती तिथं धागे कापायला लागली आणि तिसाव्या वर्षी कापड बेतण्याच्या टेबलावर मुख्य झाली. कागदाचे खाके कापडावर असे मांडायचे की बाहीच्या पोटात कॉलर बसावी आणि कॉलरच्या कुशीत खिसा, ही तिची विद्या. तिच्या टेबलाखाली शंभर मीटरांमागे सात मीटर कातरण निघे. दुसऱ्यांच्या टेबलाखाली बारा. बसमध्ये शेजारच्या माणसाचा खांदा ती नजरेनं मोजायची आणि त्याचा शर्ट चुकीच्या मापाचा आहे हे तिला कळायचं. सांगायची नाही, कारण त्यानं विचारलेलं नसायचं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकाचा ओटा मोजला. अठ्ठावीस इंच. तो सासूबाईंच्या उंचीनं बांधलेला होता. सासूबाई चार फूट नऊ, ही पाच फूट सात. तिला चौतीस इंच हवा होता. त्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली होती. रोज दोन वेळचा सहा इंचांचा फरक तिच्या कमरेत जमा होत आला होता, आणि आता त्याला व्याज सुटू लागलं होतं. सकाळी अंथरुणातून उठताना ती आधी कुशीवर वळायची, मग हातावर यायची, मग भिंतीला विचारायची.

ओट्यासाठी तिनं बावन्न हजार बाजूला काढले होते. गवंड्यानं तीस सांगितले होते आणि पुढच्या महिन्याची पंधरा तारीख दिली होती. राहिले बावीस. बावीसच्या वर खुर्ची जितकी जाईल तितका ओटा खाली राहील, हे घरात कुणी बोललं नव्हतं. भांडी विसळणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नव्हतं.

तिनं हात पुसले. “तो कागद आण इकडे.”

मुलीनं अंदाजपत्रक दिलं. इंचबाई ते उभ्यानंच वाचायला लागली.

“किरकोळ तीन हजार. किरकोळ म्हणजे काय?”

“म्हणजे काहीही. ऐन वेळचं.”

“किरकोळ म्हणजे ज्याचा जाब द्यायचा नसतो ते. खोड. बैठकीची विणाई पाच हजार कशाला? गादी मी शिवते. कापड कारखान्यातून उरलेलं मिळेल, आत भरायचे हजार धर.” तिचं बोट वर सरकलं आणि थांबलं. “हे चाळीस टक्के काय आहे?”

“वाया जाणारं लाकूड.”

“कुणाच्या हातून?”

“कुणाच्या हातून नाही, आई. जातंच ते. मास्तरांनी सांगितलंय, चाळीस धरा. म्हणून तीन फळ्या. सात हजारांची एक.”

“माझ्या टेबलावर एकदा नऊ टक्के गेलं होतं,” इंचबाई म्हणाली, “तेव्हा मालकांनी आत बोलावून आधी पाणी विचारलं होतं आणि मग हिशेब. चाळीस गेलं असतं तर पाणी विचारलं नसतं.”

रविवारी दुपारी तिनं घरभर खाकी कागद पसरला. खुर्चीचे एकूण सतरा तुकडे होते. सतराही तिनं पुऱ्या मापात कागदावर आखून कापले. नवरा वर्तमानपत्र घेऊन त्यांच्यामधून बगळ्यासारखा पाय उचलत गेला. तो पाण्याची मीटरं वाचायच्या कामावर होता आणि बिकट जागेतून चालायची त्याला सवय होती.

“हा माझा हात का?” सासूबाईंनी एक लांबट तुकडा उचलून विचारलं.

“खुर्चीचा.”

“बरा आहे. माझ्यापेक्षा सरळ आहे.”

मग इंचबाईनं फळीच्या मापाचे, नऊ फूट लांब आणि दहा इंच रुंद, दोन कागद अंथरले आणि त्यांवर तुकडे मांडायला बसली. मागचे पाय जरा वाकडे होते; ते तिनं एकमेकांच्या कुशीत निजवले. पाठीच्या पट्ट्या कडेनं लावल्या. दहा इंचांत दोन इंची पाच पट्ट्या, फट कुठं नाही. संध्याकाळपर्यंत सतरा तुकडे दोन कागदांत बसले. वाया जाणारं अकरा टक्क्यांवर आलं. ती मागं सरून बघत राहिली. अकराही तिला जास्तच वाटत होतं, पण नवीन माल होता.

“आई, करवतीला जागा लागते,” मुलगी म्हणाली.

“रेघ आहे ना? रेघेवरून कापायचं.”

“मास्तर म्हणतात...”

“मास्तर दुसऱ्याच्या पैशानं हात सैल सोडतो. तसं मलाही आलं असतं.”

या घरात पडद्यांचं कापड, भिंतींचा रंग, पाहुण्यांच्या ताटांचा आकडा, सगळं आईच्या अंदाजानं यायचं आणि कधी कमी पडलं नव्हतं. बावीस वर्षांच्या मुलीची मास्तरांशी ओळख दोन वर्षांची होती, आईशी बावीस वर्षांची. तिनं नवा कागद केला. लाकूड चौदा, यंत्राचं भाडं चार, डिंक-पॉलिश तीन, गादी एक. बावीस हजार.

“आता पायाला किती पडले?” नवऱ्यानं विचारलं.

“पायाचं विचारू नका. ओटा उभा आहे,” इंचबाई म्हणाली. त्या दिवशी ती भांडी विसळताना गुणगुणली, असं सासूबाईंनी नंतर दोघांना सांगितलं.

लाकडाच्या वखारीत ती खाके बगलेत घेऊन स्वतः गेली. फळ्या तिनं कापड बघतात तशा उलटून, उजेडाला लावून बघितल्या. गाठी असलेल्या दोन परत ठेवायला लावल्या.

“कॉलेजची पोरं तीन नेतात,” वखारवाला म्हणाला.

“पोरं नेत असतील,” ती म्हणाली आणि दोन फळ्यांचे पैसे मोजले.

कापायच्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली. कॉलेजच्या कारखान्यात मोठी करवत मास्तर स्वतः चालवायचे. मुलांना परवानगी नव्हती. मास्तर साठीच्या आसपासचे, डाव्या हाताला साडेचार बोटं. फळ्यांवर पेन्सिलीनं उतरवलेली मांडणी त्यांनी बराच वेळ पाहिली.

“कुणी आखलं?”

“मी,” इंचबाई म्हणाली.

“सुंदर आहे,” मास्तर म्हणाले. “भिंतीवर लावण्यासारखं. करवतीचं किती धरलंय?”

“रेघेवरून कापा.”

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं जमिनीकडे पाहिलं. मास्तरांनी यंत्र चालू केलं. तीस वर्षांत त्यांनी पालकांशी वाद घालणं सोडून दिलं होतं. वाद करवत त्यांच्यापेक्षा लवकर संपवायची.

पहिली फळी निघाली. पाय निघाले, आडव्या पट्ट्या निघाल्या. दुसऱ्या फळीवर मास्तर दहा इंचांतल्या दोन इंची पाच पट्ट्या काढायला लागले. पहिली दोन इंच. दुसरी दोन इंच. खाली भुशाचा ढीग चढत होता. इंचबाई त्या ढिगाकडे बघत होती. चौथी पट्टी निघाली तेव्हा तिनं खाली वाकून मूठभर भुसा उचलला आणि बोटांत चोळला. मास्तरांनी शेवटची पट्टी तिच्या हातात दिली. तिनं पिशवीतून टेप काढली. दीड इंच.

“अर्धा इंच कुठं गेला?” तिनं विचारलं, जरी तो तिच्या मुठीत होता.

“करवतीनं खाल्ला. प्रत्येक कापाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. वर रंधा मारायचा आहे, तो आणखी खाईल.”

तिनं थांबलेल्या करवतीच्या पात्याला टेप लावली. एक सूत जाडी होती, खरं होतं. सव्वीस वर्षं तिनं कात्री चालवली होती. कात्री एकाचे दोन करते आणि मधलं काही ठेवून घेत नाही. दोन तुकडे परत जोडून ठेवले तर धागा सुद्धा कमी भरत नाही. मधे काही जातं, ही गोष्ट तिच्या हाताला माहीतच नव्हती.

“किती तुकडे अडले?”

मुलीनं मोजले. “पाठीची पट्टी बारीक करून चालेल. हात दोन्ही उरलेल्या लाकडात बसत नाहीत.”

“तिसरी फळी,” मास्तर म्हणाले. “आणि अंदाजपत्रकाच्या विसातले दहा गेले, ते माझ्या हातात नाही.”

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हणत होते, एवढे तीन शब्द सुद्धा तिनं उच्चारले नाहीत. इंचबाईनं ते स्टॉपागणिक ऐकले.

घरी बातमी तिनंच सांगितली. नवरा लगेच कामाला लागला.

“हात दुसऱ्या लाकडाचे करा. साधे. पॉलिश मारलं की सगळी लाकडं एका आईची.”

“परीक्षक खुर्ची उलटी करून बघतात, बाबा.”

“मग हातच नकोत. बिनहाताच्या खुर्चीत काय माणसं बसत नाहीत?”

“बसतात,” आजी म्हणाली. “उठत नाहीत.”

“कॉलेजच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे,” मुलगी म्हणाली. “खर्च का वाढला त्याचं कारण. लाकडात गाठी निघाल्या असं लिहिते. सगळे तेच लिहितात.”

“गाठी नव्हत्या. मी उलटून बघितलं होतं,” इंचबाई म्हणाली. “करवतीची जाडी धरली नाही, असं लिही. कुणी धरली नाही तेही लिही.”

“अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस,” नवरा म्हणाला. त्याचा आवाज समजुतीचा होता. मीटर बंद पडल्याचं तो लोकांना याच आवाजात सांगायचा. “सात हजारांचा प्रश्न आहे. ओट्याचे आहेत ना? त्यातून घे. ओटा काय पळून चाललाय? तेवीस वर्षं राहिला, अजून एक वर्ष राहील.”

सासूबाईंनी पायांवरचं पांघरूण नीट केलं. मुलगी आईच्या कमरेकडे बघत होती आणि ते आईला दिसू नये म्हणून भिंतीकडे वळली.

इंचबाईनं पिशवीतून टेप काढली. नवऱ्यापाशी गेली.

“उभे राहा.”

तो उभा राहिला. तिनं टेपचं एक टोक त्याच्या टाचेशी पायानं दाबून धरलं आणि दुसरं कोपरापर्यंत नेलं.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली. “तुम्हाला तर माझ्याहून उंच ओटा हवा.”

“मला कशाला ओटा?”

तिनं टेप गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. दुपारीच कॉलेजच्या फाटकापाशी उभं राहून तिनं दोन फोन केले होते, एक गवंड्याला आणि एक मालकांना.

“उद्या तिसरी फळी येईल,” ती म्हणाली. “गवंडी पंधरा तारखेलाच येईल. त्याचे शेवटचे सात हजार दोन महिन्यांनी दिले तरी चालणार आहेत, मी विचारलंय. मी आठ रविवार जादा कामाला जाणार, मालकांनी हो म्हटलंय, त्यात ते सात निघतात. त्या आठ रविवारी दोन्ही वेळचा स्वयंपाक ह्यांनी करायचा. पहिले तीन रविवार याच ओट्यावर.”