खाणीतला उंट

एसी साफ करताना ओल्या धुळीचा वास आला, की मला ती जुनी सोन्याची खाण आठवते. सुट्टीच्या दिवशी रियाधहून आम्ही तिघं ती बघायला गेलो होतो. इरा तेव्हा लहान होती. बोगद्यात बरंच आत गेल्यावर अचानक दिवे गेले. मोबाइल बाहेर जमा केलेले. शेजारी कोण उभं आहे तेही दिसेना. इरा मला घट्ट बिलगली.

"ममा, आय वॉन्ट टू गो आउट!"

"इरा, उंट कसा शिंकतो माहितेय?" अंधारातून माझ्या नवऱ्याचा, संदीपचा आवाज आला आणि पाठोपाठ भलीमोठी शिंक. इरा रडता रडता हसली. मग उंट घोरला, उंटाला उचकी लागली. वरून कुठेतरी खडे घरंगळत होते. मी श्वास रोखून ऐकत होते.

दिवे आले तेव्हा संदीप भिंतीला पाठ लावून उभा होता. शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरे पडलेले. बंद जागेत त्याचा जीव घुसमटतो, हे मला त्या दिवशी कळलं. गाडीशी आल्यावर त्याने हळूच विचारलं, "तिला कळलं नाही ना?"

इरा आता कॉलेजात आहे. "बाबा कशालाच घाबरत नाही," असं ती मैत्रिणींना सांगते, तेव्हा संदीप माझ्याकडे बघायचं टाळतो.